न दिसणाऱ्या शेजाऱ्याचे देणे

कस्टमचे शुल्क चुकवणे हे पाप आहे काय, असा प्रश्न धर्मग्रामातील मंडळी आम्हांला अधूनमधून विचारतात. आखातात नोकरी करणारा मुलगा सुटीवर येतो. विमानतळावर शुल्कपात्र माल असणाऱ्यांसाठी लाल मार्ग आणि तसे काही नसणाऱ्यांसाठी हिरवा मार्ग असतो. बॅगेत सवलतीच्या मर्यादेपलीकडचे सोने असूनही तो हिरव्या मार्गाने बाहेर पडतो. ‘सारेच आणतात, सापडला तर दंड भरील,’ असे घरचे म्हणतात.

हा बचाव आजचा नाही. काही जुन्या नीतिशास्त्रज्ञांनी ‘केवळ दंडात्मक कायदा’ अशी कल्पना मांडली होती. जकातीसारखा कायदा मोडणारा दंडास पात्र होतो, परंतु त्याच्या सदसद्विवेकबुद्धीला बाध येत नाही, असा तिचा आशय. वरवर पाहता तिला आधारही सापडतो. सोने बाळगण्यावर कडक निर्बंध घालणारा १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. कालचा गुन्हा आज साधा व्यवहार ठरत असेल, तर त्यात पाप ते कसले?

हाच युक्तिवाद आपण रस्त्यावर नेऊन पाहू. भारतात वाहन डावीकडून चालते, आखाती देशांत उजवीकडून. बाजू माणसानेच ठरवलेली आहे आणि ती बदलताही येते. तरीही एकदा ठरल्यावर ती मोडणारा केवळ कागदावरचा नियम मोडत नाही. तो समोरून येणाऱ्याच्या जिवाशी खेळतो.

टायरचेही तसेच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. पावसात या खाचा पाणी बाजूला सारतात. गुळगुळीत झालेला टायर वेगात पाण्यावर तरंगू लागतो; मग ब्रेकही लागत नाही आणि स्टिअरिंगही ऐकत नाही. हवा कमी असली, तर टायरच्या कडा सतत दबून तापतात आणि भर वेगात टायर फुटू शकतो. टायर थंड असताना हवेचा दाब तपासणे हे पाच मिनिटांचे काम. तरी आपण मोटार चकचकीत धुतो, आरशाला पवित्र माळ अडकवतो आणि टायरकडे न पाहताच मुलाबाळांसह महामार्गाला लागतो. येथे तर चोरी करण्याचा हेतूही नसतो. असते ती निव्वळ हयगय. परंतु करायचे ते न करणे हेही पापच, हे आपण प्रत्येक मिस्साच्या आरंभी कबूल करतो.

दोन्ही दोषांचे वजन सारखे नाही. चुकवलेल्या शुल्काने तत्काळ कोणाचा प्राण जात नाही. फुटलेल्या टायरने जाऊ शकतो. मात्र दोहोंचे मूळ एकच आहे: ज्याचे नुकसान होते, त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. तिजोरीतील तूट प्रामाणिकपणे भरणाऱ्यावर पडते. टायरची किंमत पलीकडून येणारा अनोळखी दुचाकीस्वार मोजतो. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात न्याय्य कर चुकवणारे आणि वेगमर्यादेसारखे नियम क्षुल्लक मानणारे, या दोघांचा उल्लेख एकाच परिच्छेदात केला, तो उगाच नव्हे.

‘सरकारी नोकर तरी कुठे प्रामाणिक आहेत?’ असे कोणी म्हणेल. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जकातदारांनाही ठरल्यापेक्षा अधिक न घेण्याची ताकीद दिली होती. घेणाऱ्याचा दोष देणाऱ्याला मुक्त करीत नाही. दर अन्यायाचा वाटला, तर तो बदलण्याची मागणी उघडपणे करावी. तो बॅगेच्या अस्तरात लपवू नये.

म्हणून परदेशातून येणाऱ्या मुलाकडे ‘माझ्याही दोन बांगड्या आण’ असा आग्रह धरण्यापूर्वी आपण थांबावे. त्या बांगड्यांबरोबर त्याला खोटे बोलण्याचे ओझेही आपणच वाहायला लावतो. आणि पुढच्या प्रवासाआधी प्रार्थना जरूर म्हणावी. परंतु त्यापूर्वी वाकून चारही टायर पाहावेत, स्टेपनीही पाहावी. शेजाऱ्यावरील प्रेमाला कधीकधी गुडघे असेही टेकावे लागतात.