पक्ष नसला म्हणजे पक्षपातही नसतो काय?



प्रशांत महासागरात तुवालू नावाचा एक चिमुकला बेटांचा देश आहे. लोकसंख्या सुमारे ११ हजार, आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावाएवढी. तेथे संसद आहे, आठ बेटांतून प्रत्येकी दोन असे १६ सभासद आहेत. परंतु राजकीय पक्ष एकही नाही. जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत खुद्द पंतप्रधान कौसिया नातानो आपल्याच बेटावर पराभूत झाले, आणि पुढच्याच महिन्यात फेलेती तेओ बिनविरोध पंतप्रधान झाले.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, किती चांगले! झेंडे नाहीत, घोषणा नाहीत, माणूस पाहून मत द्यावे. पण अशी निवडणूक पाहण्यास समुद्र ओलांडण्याची गरज नाही. आपल्या ग्रामपंचायतीची निवडणूकही पक्षाच्या चिन्हावर होत नाही. कपबशी, छत्री अशी चिन्हे मिळतात आणि ‘ग्रामविकास’ नावाचे एखादे पॅनेल उभे राहते. याचा चांगला अनुभवही पुणतांब्याला आहे. १ जून २०१७ चा शेतकऱ्यांचा संप येथून पेटला, तो ग्रामसभेच्या ठरावातून. कोणा पक्षाच्या कचेरीतून नव्हे.

तरीही विचारावेसे वाटते : पक्ष गेल्यावर रिकाम्या जागेत येऊन कोण बसते? गावात भावकी बसते, जात बसते, उधारीचे उपकार बसतात. पक्षाला निदान जाहीरनामा छापावा लागतो. भावकीचा जाहीरनामा कोणी वाचला आहे?

त्यातून ‘बिनविरोध’चे कौतुक! २०२०-२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. देवळासाठी बोली लावली की लिलाव पवित्र होतो, अशी काहींची समजूत असावी. ज्याच्याजवळ बोली लावण्यास दमडी नाही, त्याची संमती या एकमतात कोणी विचारली होती?

वस्तीत घरे दहा-पंधरा. वडीलधारी मंडळी येतात, गोड बोलतात : ‘गावाची एकी मोडू नका, अर्ज मागे घ्या.’ राखीव जागा असेल तर नाव आपलेच, पण ते ठरवणारे दुसरे. नाही म्हटले तर उद्या मजुरीला कोण बोलावणार, ही धास्ती घरातल्या बाईला आधी कळते. अशा वेळी घेतलेल्या माघारीला एकी म्हणावे काय?

बाबासाहेबांनी २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांपुढे लोकशाही यशस्वी होण्याच्या अटी सांगितल्या. त्यांत विरोधी पक्ष हवा, ही एक अट होती. बहुमताने अल्पमतावर जुलूम करू नये, ही दुसरी. त्याआधी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी सांगितले होते की, संसदेच्या कामकाजाचे नियम भिक्षुसंघाला ठाऊक होते.

हे विनयपिटकात पाहावयास मिळते. वाद मिटला नाही तर भिक्षू शलाका घेऊन मत देत. शलाका गोळा करणारा भिक्षू संघ नेमत असे, आणि त्याची लायकी कशावरून? तो छंद, दोस, मोह आणि भय यांच्या आहारी जाणारा नसावा. म्हणजे आवडीने झुकणारा नको, द्वेषाने नको, अज्ञानाने नको आणि भीतीने नको. गुप्त मतदानात तर वेगवेगळ्या रंगांच्या शलाका असत, म्हणजे कोणाला दाखवावयास नको. अडीच हजार वर्षांपूर्वी सर्वसंगपरित्याग केलेल्या माणसांनाही भयाची दखल घ्यावी लागली, मग आपण तर पोराबाळांचे धनी!

म्हणून येत्या निवडणुकीत कोणी दारी येऊन ‘येथे पक्ष नाही, सारे आपलेच’ असे म्हणाला, तर त्याला बसवा, पाणी द्या आणि विचारा : स्मशानभूमीचा रस्ता केव्हा करणार? नळ वस्तीपर्यंत येणार की वेशीतच थांबणार? उत्तर काय येते ते घरात सर्वांदेखत ऐका, बायकामुलांसह. मग यंत्राच्या आडोशाला एकटेच जा.