फुलाचे ऋण

दान आणि परतफेड यांतील भेद व्यवहारात जितका स्पष्ट दिसतो, तितका तो ममतेच्या प्रांतात दिसत नाही. ज्याचे आपण मुळात काही हिरावून घेतले आहे, त्याला प्रेमाने भरविले, तर त्या भरविण्याला काय म्हणावे?

अमेरिकेतील कित्येक घरांत काचेच्या पेटीत शंखवासी खेकडे पाळतात. आपले मऊ पोट हा जीव गोगलगायीच्या रिकाम्या शंखात लपवितो. त्यावरूनच इंग्रजीत त्याला ‘हर्मिट’, म्हणजे एकान्तवासी, असे नाव पडले. नाव वैराग्याचे असले, तरी वृत्तीने तो समूहात रमणारा आहे. एकान्त त्याने पत्करलेला नसतो. तो आपण त्याच्यावर लादलेला असतो.

या प्राण्यासाठी काही पालक मुद्दाम फुले लावतात: जास्वंद, गुलाब, कॅलेंडुला. कॅलेंडुलाच्या पाकळ्यांतील केशरी रंगद्रव्य खेकड्याच्या शरीराला स्वतः निर्माण करता येत नाही. ते अन्नातूनच मिळवावे लागते. बाजारातले फूल चालत नाही, कारण कीटक आणि खेकडा दोघेही संधिपाद. किडीवरचे औषध खेकड्यालाही मारक ठरते. मोरचुदाची फवारणीही त्याला विषासमान. म्हणून असा माळी कुरतडलेली पाने निमूटपणे सोसतो. एका बंदिवानाखातर तो असंख्य किड्यांशी तह करतो. ही करुणा खोटी आहे, असे कोण म्हणेल?

तथापि हा बंदिवान आला कोठून? याची मादी अंडी समुद्रात सोडते आणि पिलांचे आरंभीचे जीवन समुद्रातच जाते. पेटीत त्याचा वंश क्वचितच वाढतो. म्हणून विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक खेकडा कॅरिबियन बेटांसारख्या एखाद्या किनाऱ्यावरून उचललेला असतो. तेथे तो तीस वर्षांहून अधिक जगू शकतो. आता त्याला सोडून द्यावे, तर दाराबाहेरचा थंड, परका प्रदेश म्हणजे त्याचा मृत्यूच. अपराध कळला, पण तो पुसून टाकण्याची वाट राहिली नाही, अशी ही अवस्था आहे.

अशा वेळी फूल हे दान नव्हे, ते ऋणाचा हप्ता आहे. जे ऋण पूर्ण फिटणार नाही, ते फेडावेच कशाला, हा युक्तिवाद आळशी मनाचा होय. हप्ता नित्य द्यावा, त्याबद्दल पुण्याची अपेक्षा धरू नये आणि नवे ऋण काढू नये, म्हणजे दुसरा खेकडा विकत आणू नये. ममतेचा कस या शेवटच्या अटीत लागतो.

हीच जास्वंद गोव्यातल्या आपल्या अंगणातही फुलते. सकाळी ती देवाला वाहताना आपण काही दिले, असे आपल्याला वाटते. वस्तुतः माती आणि पाऊस यांचेच ते देणे. आपण केवळ देठ खुडलेला असतो. एवढे ध्यानात ठेवून ओंजळ पुढे केली, तर ती देवापुढे असो की खेकड्यापुढे, तिच्यात अहंकाराला जागा उरत नाही.