शिट्टी ज्याच्या हाती



काही वर्षांपूर्वी, आमच्या आधीच्या धर्मग्रामात, युवकांचे फुटबॉल सामने भरले होते. ठरलेले पंच ऐन वेळी आले नाहीत आणि शिट्टी आमच्या गळ्यात पडली. सेमिनरीत असताना आम्ही थोडेफार खेळलो होतो, नियम ठाऊक होते, एवढीच आमची पात्रता. उत्तरार्धात कॉर्नरवरून आलेल्या चेंडूसाठी दोन मुले एकाच वेळी उडाली आणि डोक्यावर डोके आपटले. तो आवाज आम्हाला पंधरा पावलांवर ऐकू आला. एक मुलगा लगेच उठला. दुसरा, सोळा वर्षांचा, तसाच बसून राहिला. आम्ही जवळ गेलो तेव्हा म्हणाला, “काही नाही झालं, फादर. मी खेळतो.” सामना बरोबरीत होता, दहा मिनिटे उरली होती, त्याच्या संघाकडे बदली खेळाडू नव्हता आणि कडेला उभे असलेले सगळे ‘चालू द्या’ म्हणून ओरडत होते. आम्ही चालू दिले.

रात्री त्याला उलट्या होऊ लागल्या. इस्पितळात न्यावे लागले. दोन दिवसांनी तो घरी आला आणि पुढे पूर्ण बरा झाला, ही देवाची कृपा. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याच्या आईने चहा पुढे ठेवला आणि एवढेच विचारले, “फादर, तुम्ही त्याला बाहेर का नाही काढलंत?” आम्ही म्हणालो, “तोच म्हणाला, ठीक आहे म्हणून.” त्या दिवशी हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटले होते. आज वाटत नाही.

फुटबॉलच्या नियमावलीतला पाचवा नियम पंचाविषयी आहे. खेळाडूला गंभीर दुखापत झाली असे पंचाला वाटले तर त्याने खेळ थांबवावा, किरकोळ वाटली तर चेंडू बाहेर जाईपर्यंत चालू द्यावा, असे तो सांगतो. म्हणजे गंभीर की किरकोळ हे ठरवायचे पंचानेच. आणि त्याच नियमात पुढे असेही म्हटले आहे की, खेळाडूला झालेल्या दुखापतीसाठी पंचाला जबाबदार धरले जाणार नाही. आमच्यासारख्याला हे वाचून हायसे वाटते. पण आईच्या प्रश्नापुढे हे पुस्तक उघडून दाखवण्याची आमची हिंमत झाली नसती.

डोक्याच्या माराची एक खोड आहे. पाय मोडला तर पायच सांगतो. डोक्याला मार बसला की, ज्या मेंदूने ‘मला लागले आहे’ असे सांगायचे, तोच हादरलेला असतो. 13 जुलै 2014 रोजी रिओच्या माराकाना मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. जर्मनीचा क्रिस्टोफ क्रामर अर्जेंटिनाच्या गाराय याच्या खांद्यावर डोके आपटून कोसळला. उपचार घेऊन तो पुन्हा खेळू लागला. थोड्या वेळाने तो पंच निकोला रिझोली यांच्याकडे गेला आणि हा अंतिम सामनाच आहे ना, असे विचारू लागला. रिझोलींना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी जर्मनीच्या श्वाइनश्टायगरला सांगितले आणि 31 व्या मिनिटाला क्रामर बाहेर गेला. मधली जवळपास चौदा मिनिटे तो मुलगा जगातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात धावत होता आणि आपण कुठे आहोत हे त्याला कळत नव्हते. तिथे डॉक्टर होते, कॅमेरे होते. आपल्या मैदानावर पाण्याची कळशी आणि बर्फाची पिशवी असते, तीही कोणी आठवणीने आणली तर.

म्हणून ‘तोच म्हणाला’ हे उत्तर लंगडे आहे. ज्याची साक्ष बिघडली आहे, त्याच्याच साक्षीवर आम्ही निवाडा दिला.

असेच एक प्रकरण वेल्समध्ये कोर्टात गेले होते. खेळ रग्बीचा आणि मार मानेचा, पण प्रश्न हाच. 1998 च्या जानेवारीत एका हौशी सामन्यात पुढच्या फळीतला खेळाडू जखमी झाला. त्या जागेसाठी तयार झालेला दुसरा कोणी नव्हता. अशा वेळी दोन्ही संघांनी एकमेकांना रेटायचे नाही, असा नियम होता. पंचाने तो लागू न करता निवड संघावर सोपवली. रेटारेटी नाकारली असती तर संघाचे गुण गेले असते, म्हणून त्यांनी धोका पत्करला. सामना संपता संपता पुढच्या फळ्या एकमेकींत नीट जुळल्या नाहीत आणि एक तरुण कायमचा अपंग झाला. 2003 मध्ये अपील कोर्टाने पंचाला जबाबदार धरले. तो हौशी होता हा बचाव चालला नाही.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला शिकाऱ्याचे जुने उदाहरण असते. झुडूप हलले, आत हरीण असेल, माणूसही असेल. शिकाऱ्याला खात्री नाही. मग त्याने बाण सोडू नये. माणूस नसण्याचा संभव जास्त आहे, हे म्हणणे इथे पुरत नाही, कारण चूक झाली तर ती परत घेता येत नाही. हे उदाहरण आम्ही परीक्षेत सुरेख अक्षरात लिहिले होते, आणि मैदानावर आठवले नाही. ‘मी डॉक्टर नाही’ हे खरे. पण बाहेर काढायला डॉक्टर व्हावे लागत नाही, शंका आली तरी पुरे. बहुतेक वेळा अशा माराने शुद्धही हरपत नाही. नजर शून्यात असते, मुलगा तोच प्रश्न पुन्हा विचारतो, तोल जातो. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर कोवळ्या मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. असे क्वचितच होते, पण होते. ब्रिटनने 2023 मध्ये हौशी खेळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांचा गाभाही हाच: शंका आली की बाहेर, आणि निदान 21 दिवस स्पर्धेचा सामना नाही.

मात्र सगळे ओझे पंचावर टाकले तर उद्या शिट्टी धरायला कोणी उभा राहणार नाही. दोन डोकी हवेत आपटली यात पंचाचा दोष नाही. (हवेत कोपर उगारणाऱ्याला आधीच्या सामन्यात आम्ही हसून सोडले असेल, तर थोडा आहे.) आणि त्या दिवशी एका दिवसात आठ सामने कोंबणारे, बदली खेळाडूंशिवाय संघ स्वीकारणारे, कडेला उभे राहून ओरडणारे कोण होते? मुलाला खेळायचे असते, प्रशिक्षकाला जिंकायचे असते, गावाला नाक असते. त्या सगळ्यांत ज्याला काहीच जिंकायचे नसते असा एकच माणूस मैदानात असतो. त्यानेही गर्दीकडे पाहून निर्णय घेतला, तर त्या मुलाच्या बाजूने कोण उरतो?

नाताळानंतरच्या आपल्या सामन्यांसाठी युवकांशी बोलणे झाले आहे. डोक्याला मार बसून पंचाला शंका आली, तर तो खेळाडू त्या दिवशी पुन्हा उतरणार नाही, आणि त्याच्या जागी बदली खेळाडू घ्यायला नेहमीच्या मर्यादेबाहेर परवानगी राहील. नाव नोंदवताना आईवडिलांपैकी एकाचा फोन क्रमांक द्यावा लागेल. एक गाडी मैदानाशी उभी ठेवायची आहे. ज्यांना देता येईल त्यांनी मिस्सानंतर ऑफिसात येऊन सांगावे.