कुऱ्हाड आणि दगडी पाटी

अन्यायी कायदा मोडावा की नाही, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु तो कोणत्या अधिकाराने मोडावा, हा प्रश्न अधिक बिकट होय. त्याचा विचार करताना आम्हांला एका रानटी राजाची कथा उपयोगी वाटते. निव्वळ करमणूक म्हणून जाणते वाचक जिच्याकडे पाठ फिरवितात, त्या जातीची ही कथा आहे.

रॉबर्ट हॉवर्ड (१९०६–१९३६) हे अमेरिकेतील टेक्सास राज्याचे लेखक. तलवार आणि जादू यांच्या अद्भुतकथांचे ते एक जनक मानले जातात. त्यांचा कल नावाचा नायक अटलांटिसच्या रानावनात वाढलेला. गुलामी आणि दरोडेखोरी भोगून तो सैनिक होतो आणि अखेर जुलमी राजाला ठार मारून व्हॅलुशिया या अतिप्राचीन राज्याच्या सिंहासनावर बसतो. ‘बाय धिस ॲक्स आय रूल’, म्हणजे ‘या कुऱ्हाडीच्या बळावर माझे राज्य’, या कथेत एका तरुण सरदाराला एका दासीशी विवाह करावयाचा असतो. सरदार आणि दासी यांच्या विवाहास कायद्याने बंदी आहे. कायदा दगडी पाटीवर कोरलेला. तो राजालाही बदलता येत नाही, असे प्रधान बजावतो. पुढे सरदारांचा कट उधळला जातो आणि जखमी राजा ती पाटी कुऱ्हाडीने फोडून टाकतो. मीच कायदा, असे सांगून तो त्या दोघांच्या विवाहाला मोकळीक देतो.

वाचकाचे मन येथे आनंदते, आणि ते योग्यच आहे. पोप एड्रियन चौथे यांनी बाराव्या शतकातच, धन्याची संमती नसली तरी दासदासींचा विवाह वैध ठरतो, असा निर्णय दिला होता. व्हॅलुशियाचा तो कायदा अन्यायी होता, याविषयी शंका नको.

मात्र राजाने दिलेले कारण आम्हांला पटत नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते कायदा हा सर्वांच्या हितासाठी केलेला विवेकाचा आदेश असतो. राजाच्या इच्छेला विवेकाचा लगाम नसेल तर ती इच्छा कायदा न ठरता बेकायदाच ठरते. ‘हा कायदा अन्यायी आहे, म्हणून मी तो मोडतो’ आणि ‘मी बलवान आहे, म्हणून मोडतो’, ही दोन वाक्ये एकाच घावाची असली तरी एकाच नीतीची नव्हेत. कुऱ्हाडीला न्याय्य पाटी आणि अन्यायी पाटी यांतला भेद कळत नाही. आज दासीला मोकळे करणारी तीच कुऱ्हाड उद्या दुसऱ्या राजाच्या हाती जाईल.

कोणी म्हणेल, राजापुढे दुसरा मार्ग तरी कोणता होता? या आक्षेपात तथ्य आहे. ज्या घराला दार ठेवलेले नाही, त्याची भिंत कोणी ना कोणी फोडतोच. म्हणून दोषाचा वाटा त्या प्रधानाकडेही जातो. जुने म्हणजे न्याय्य, असे त्याने धरले. परंतु पाटी फोडल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. मोशेनेही पाट्या फोडल्या होत्या. मात्र नंतर तो नव्या पाट्या घडवून पुन्हा डोंगरावर चढला. व्हॅलुशियात नवी पाटी कोरली गेल्याचे कथा सांगत नाही. तेथे उरतो तो केवळ राजाचा शब्द.

ही कथा लेखकाच्या हयातीत छापली गेली नाही. तिचे रूप पालटून त्यांनी १९३२ साली कोनन या नायकाची पहिली कथा प्रसिद्ध केली; तीत दासीच्या विवाहाचे प्रकरण गळाले आणि जादू आली. मूळ कथा पुस्तकात आली १९६७ साली. योगायोग असा की, त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या व्यक्तींच्या विवाहावरील बंदी एकमताने घटनाबाह्य ठरविली. हॉवर्ड यांच्या टेक्सासमध्येही तशी बंदी होती. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या दांपत्याला १९५९ साली विवाहाच्या ‘गुन्ह्या’साठी व्हर्जिनिया राज्य सोडावे लागले होते. त्यांची पाटीही फुटली. मात्र ती युक्तिवादाने फुटली, आणि निकालाची कारणे लिहून ठेवली गेली.

त्यासाठी वर्षे लागली, आणि तेवढी वर्षे त्या दांपत्याने यातना सोसल्या. कुऱ्हाडीला एक क्षण पुरला. तरीही लव्हिंग दांपत्याला जे मिळाले, ते कोणा राजाच्या मर्जीचे दान नव्हते. तो त्यांचा हक्क होता, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या अनोळखी जोडप्यांचाही. दासीला मिळाली ती कृपा. कृपा करणारा राजा मरतो, तेव्हा त्या दासीच्या मुलीने कोणाच्या दारी जावे?