भिंतीचा पुनर्जन्म

पुण्याचा रस्ता मुंबई-आग्रा हायवेला मिळतो त्या नाशिकच्या द्वारका चौकात आमचं ऑफिस आहे. खिडकीसमोर उड्डाणपूल, दिवसभर ट्रकचा आवाज. इथे बसून मी इमारती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात पाठवते. आमचं सॉफ्टवेअर एक, पुण्याच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं दुसरं, एसीवाल्यांचं तिसरंच. सगळ्यांना वाचता यावी अशी मधली सामाईक फाईल म्हणजे आयएफसी. 1990च्या दशकात काही कंपन्यांनी एकत्र येऊन तिची आखणी सुरू केली आणि 2013 साली ती आयएसओ 16739 या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाली.

या फाईलमध्ये प्रत्येक भिंतीला, दाराला, कॉलमला 22 अक्षरांची स्वतःची ओळख असते. बाबांनी रामकुंडावर आयुष्यभर पौरोहित्य केलं. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग झालं की. नाव-गोत्र नीट उच्चारलं की ज्याचं त्याला पोहोचतं."

पोहोचतं खरं, पण काय पोहोचतं? माझी 230 मिलिमीटरची वीटकामाची भिंत लांबी-उंचीसकट जाते. अमुक भिंतीत अमुक भोक, त्या भोकात अमुक दार, हेसुद्धा लिहून जातं. मग पलीकडे कोणी ती भिंत फूटभर सरकवतो आणि दार जुन्याच जागी अधांतरी उभं राहतं. माझ्याकडे असताना हीच भिंत सरकताना दाराला बरोबर न्यायची, कोपऱ्यात दुसरी भिंत भेटली की स्वतःला छाटून घ्यायची, स्लॅब वर गेला की त्याच्यामागे वर जायची. नोंद सगळी पोहोचली, वागणं इथेच राहिलं.

आपल्याकडे पुनर्जन्माचा हिशेब याच्या नेमका उलटा मांडलेला आहे. मागचं काही आठवत नाही, संस्कार मात्र बरोबर येतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला दुधाची ओढ असते, ती पूर्वीच्या सवयीशिवाय कशी येईल, असा न्यायसूत्रांचा युक्तिवाद आहे. माझी भिंत पलीकडे जन्मते तेव्हा तिला मागच्या जन्माचं सगळं पाठ असतं, फक्त दूध ओढता येत नाही. मग ती तीच भिंत का? बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला सांगितलं होतं की पुन्हा जन्मणारा धड तोही नसतो आणि धड वेगळाही नसतो. बिल लावताना हे उत्तर चालत नाही, पण मला ते बाबांच्या उत्तरापेक्षा प्रामाणिक वाटतं.

याच हायवेने मुंबईच्या दिशेला निघालं की पांडवलेणी लागतात. अठराव्या लेण्यातल्या चैत्याचं तोंड बघा. लाकडी बांधकामातली कमान, वाशांची टोकं, कठडा, सगळं दगडात उतरलंय. तिसऱ्या लेण्यात, गौतमी बलश्रीने दान दिलेल्या विहारात, ओसरीखाली दगडी पुरुष खांद्यावर तुळया घेऊन उभे आहेत. भार कशावरच नाही, डोंगर स्वतःला सांभाळून आहे. सुतारकामाचा आकार आला, काम आलं नाही. म्हणजे माझ्या फाईलसारखंच, असं मला बरेच दिवस वाटायचं. पण वाशांची ती टोकं सारख्या अंतरावर आहेत. दगडाला त्याची काहीच गरज नव्हती. सवय होती ती छिन्नी धरणाऱ्याच्या हाताला, किंवा त्याच्या डोळ्याला. संस्कार वस्तूबरोबर प्रवास करतो हे मला म्हणूनच पटेनासं झालंय. तो करणाऱ्यात असतो, आणि करणारा बदलला की वस्तूला तो पुन्हा द्यावा लागतो.

ऑफिसात आम्ही तेच करतो. परत आलेल्या मॉडेलवरून आमचा नवा मुलगा भिंत पहिल्यापासून काढतो, तिच्यात दार बसवतो, कोपरे जोडून घेतो आणि शेवटी जुनी 22 अक्षरं तिच्यावर चिकटवतो, नाहीतर क्वांटिटीची शीट आणि कन्सल्टंटचे शेरे जुळत नाहीत. कंटाळवाणं काम आहे. "फाईल ओपन झाली म्हणजे आलं ना सगळं?" असं फोनवर विचारणाऱ्यांना ते कधी दिसत नाही.

मी बाबांना म्हटलं, "नाव-गोत्र पुरेसं असतं, तर श्राद्धाला तुम्ही मुलाला दर्भ देऊन पाटावर कशाला बसवता? नुसती यादी वाचायची."

"कर्ता नको?" बाबा म्हणाले. "मग दक्षिणा कोण देणार, तुझी फाईल?"