डबे दोन, सबबी सतराशे साठ

ओला कचरा कुठला आणि सुका कुठला, हे तुम्हांला अजून शिकवायचं? शाळेत या विषयावर पानंच्या पानं लिहिलीत, गुण घेतलेत. आणि आज घरी काय? केळ्याची सालं, दुधाची पिशवी, फुटका बल्ब, बाळाचं डायपर, सगळं एकाच काळ्या पिशवीत. गाठ मारली, दाराबाहेर ठेवली. झालं?

नाही झालं. तुम्ही बेटावर राहता. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची मुंबई सात बेटं जोडून उभी राहिली. इथे कचऱ्याला जागा कधीच नव्हती. म्हणून १९०६ साली कुर्ल्याहून चेंबूरकडे रूळ टाकले ते कचऱ्याच्या गाड्यांसाठी; माणसांना त्या मार्गावर १९२४ मध्ये बसायला मिळालं. १९२७ पासून देवनारचं डम्पिंग ग्राउंड. शंभर वर्षं आपण आपली घाण दुसऱ्याच्या दारात नेऊन ओततोय. जानेवारी २०१६ मध्ये तिथला कचऱ्याचा डोंगर पेटला. धूर हटेना, तिथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शाळा! का पेटतात असे डोंगर? खरकटा भात प्लास्टिकखाली हवेविना कुजतो, त्यातून मिथेन सुटतो. हे तुम्हांला ठाऊक नाही? ठाऊक आहे. म्हणूनच राग येतो.

“पण सर, गाडीवाला शेवटी सगळं एकत्रच करतो.” हे तुमचं ठेवणीतलं उत्तर. खाली उतरून एकदा तरी पाहिलंत? बरं, करत असेल. मग वॉर्डात तक्रार केलीत? सोसायटीच्या सभेत विषय काढलात? तिथे पार्किंगवरून घसा बसेपर्यंत भांडता, कचऱ्याचं नाव निघालं की खुर्च्या रिकाम्या.

“कामवाल्या मावशी टाकतात.” त्यांच्यासमोर दोन डबे ठेवलेत कधी? “जागा नाही.” बाल्कनी आत घेऊन हॉल वाढवलात आणि एका बादलीला जागा नाही?

वेगळं करणं जमत नाही, असं तर मुळीच सांगू नका. वर्तमानपत्रांची रद्दी घडी घालून, सुतळीनं बांधून ठेवता. तिला आमटीचा थेंब लागू देत नाही. का? रद्दीवाला वजनावर पैसे मोजतो. म्हणजे हात चालतात, डोकंही चालतं. चार पैसे सुटले की चालतं, इतकंच.

दुधाच्या पिशवीचंच घ्या. कोपरा कापून तुकडा फेकता. नखाएवढा तो तुकडा कोण वेचणार? नुसती चीर द्या, तुकडा पिशवीलाच राहू द्या. विसळा, वाळवा, भंगारात द्या. पण नाही. तीच पिशवी उष्ट्या डाळीत बुडवता आणि मग कुणीतरी उघड्या हातांनी ती उपसतं. ते हात तुमचे नाहीत, म्हणून चालतं का?

ओला, सुका आणि घातक असे तीन भाग घरातच करा, हे २०१६ च्या कचऱ्याच्या नियमांतच स्पष्ट लिहिलं होतं. नॅपकिन, डायपर वेगळे गुंडाळायचे, हेही लिहिलं होतं. तुम्ही नियम न वाचणारी माणसं नाही. आयकराची पै न् पै वाचवणारं कलम तोंडपाठ असतं तुम्हांला.

सबबी पुरे. आज रात्री ओट्याखाली दुसरा डबा ठेवा. घरातल्या प्रत्येकाला, मावशींनाही, नीट समजावून सांगा. आणि सकाळी गाडी आली की स्वतः खाली जा. दोन्ही डबे एकात ओतले, तर तिथेच अडवा.