बोगदा आणि प्रामाण्य

दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर उघडून त्यावर काम करण्याच्या सोयीला रिमोट डेस्कटॉप म्हणतात, आणि विंडोजमध्ये ती सहसा ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या एका क्रमांकित दारावर, चालते. हे दार इंटरनेटवर उघडे ठेवणे किती घातक, हे २०१९ साली उघडकीस आलेल्या ‘ब्लूकीप’ या दोषाने दाखवले. त्यातून जुन्या विंडोजमध्ये पासवर्डशिवायही शिरता येत होते. म्हणून येणारी-जाणारी रहदारी अडवणाऱ्या फायरवॉलने ते दार बंद ठेवावे आणि केवळ एसएसएचचा, म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या सोयीचा, कूटबद्ध बोगदा आत येऊ द्यावा, अशी एक रीत आहे.

परंतु कूटलेखन संवाद झाकते. तो कोणाशी चालला आहे, हे सांगत नाही. चोराशी जोडलेला बोगदाही तितकाच गुप्त असतो. पहिल्या जोडणीच्या वेळी एसएसएच समोरच्या सर्व्हरच्या किल्लीचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारी छोटी अक्षरमालिका, दाखवून विश्वास ठेवायचा का, असे विचारते, आणि इथे भारतीय दर्शनांतला प्रामाण्याचा, म्हणजे ज्ञान खरे कशामुळे ठरते याचा, जुना वाद पुन्हा उभा राहतो.

कुमारिल भट्टांच्या मीमांसेनुसार ज्ञान स्वतःप्रमाण असते, म्हणजे बाधक ज्ञान किंवा ज्ञानाच्या कारणातला दोष पुढे येईपर्यंत ते खरेच मानावे. एसएसएच नेमके असेच वागते: एकदा स्वीकारलेली किल्ली ते जपून ठेवते आणि पुढे ती बदललेली दिसली तर जोडणी अडवून इशारा देते. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, हे पुरेसे वाटत नाही. त्यांच्या मते प्रामाण्य परतः, म्हणजे दुसऱ्या आधारावर ठरते, आणि त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल झाली की ते अनुमानाने कळते. पाणी समजून जवळ गेल्यावर तहान भागली, तर ते पाणीच होते.

मात्र बोगद्याच्या बाबतीत ही कसोटीच फसते. वाटेत बसलेला भामटा पासवर्ड टिपून घेतो आणि सगळी रहदारी खऱ्या सर्व्हरकडे पोचवत राहतो. वापरणाऱ्याला आपलाच पडदा दिसतो, काम सुरळीत होते, कृती सफल ठरते आणि तरीही ज्ञान खोटेच असते. तहान भागते, पण विहीर दुसऱ्याची असते.

न्यायाकडे आणखी एक प्रमाण आहे, ते शब्द, म्हणजे आप्ताचे, विषय जाणणाऱ्या आणि तो जसा आहे तसा सांगणाऱ्या माणसाचे, वचन. इंटरनेटवर सर्व्हरच्या ओळखीची प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था हेच काम करतात, पण त्या आप्ताला आप्त कोणी ठरवायचे, हा प्रश्न अनवस्थेकडे, म्हणजे न संपणाऱ्या साखळीकडे नेतो. २०११ साली डिजिनोटार या डच संस्थेत घुसखोरी होऊन गूगलच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र निघाले, तेव्हा ही अडचण केवळ तार्किक राहिली नाही.

तरीही पहिल्या भेटीपुरता न्यायाचाच पक्ष सबळ ठरतो, कारण बाधक ज्ञान उशिरा आले तर तोवर पासवर्ड गेलेला असतो. म्हणून ‘येस’ टंकण्यापूर्वी सर्व्हर सांभाळणाऱ्या ओळखीच्या माणसाला फोन करावा आणि किल्लीचा ठसा एकेक अक्षर वाचून जुळवून घ्यावा.